घरी अख्खी कोंबडी फिरवायची आहे, रोटिसरीवाला ओटीजी घेऊ की दुसरं काही?

चिंचवडचा_खादाड

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. आमच्या बसस्टॉपजवळ एक ग्रिल चिकनवाला आहे, काचेच्या कपाटात सळयांवर कोंबड्या गोल गोल फिरत असतात आणि आमची लेक (वय ६) रोज काचेला नाक लावून उभी राहते. परवा घरी येऊन म्हणाली बाबा आपण पण कोंबड्यांचा आकाशपाळणा घेऊया. तेव्हापासून लेकीपेक्षा माझ्याच डोक्यात किडा वळवळतोय.

दोन रविवार दुकानं पालथी घातली. बघितलं ते असं, एक तर रोटिसरीवाला, म्हणजे आत मोटरवर फिरणारी सळई असलेला मोठा ओटीजी (विजेवरचा ओव्हन), ४० लिटरपासून ६० लिटरपर्यंत. दुसरं म्हणजे ते नवीन उभे एअरफ्रायर ओव्हन, १०-१२ लिटरचे, त्यात पण एक छोटी सळई देतात. आणि तिसरं, कोळशाचा बार्बेक्यू त्याला बाजूने मोटर. दुकानदाराला काहीही विचारलं की त्याचं एकच उत्तर, साहेब लिटर जास्त घ्या. बजेट बारा हजार, फारच ताणलं तर पंधरा.

अडचणी सांगतो. फ्लॅट टू बीएचके, माणसं चार. आईचे सोमवार, गुरुवार, शनिवार असतात, ती स्वतः खात नाही पण आम्ही केलं तर बोलत नाही. फक्त एक अट, तिची नानकटाई ज्या जुन्या छोट्या ओटीजीत होते त्यात कोंबडी जाणार नाही. म्हणजे नवीन वस्तू ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवावी लागणार, तिथे प्लग पॉइंट आहे एक. ओव्हनमध्ये ट्रेवर ठेवून भाजलं आणि सळईवर फिरवून भाजलं यात खरंच चवीचा फरक पडतो का, की नुसतं बघायला मजा? आणि गटारीच्या आत घ्यायचंय म्हणजे वेळ कमी आहे.

ठाणेकरीण

पाच वर्षं वापरतेय रोटिसरीवाला ओटीजी, ५२ लिटरचा, म्हणून लिहिते. फरक पडतो, पण कोंबडीला कातडं असेल तरच.

हे कोणी सांगत नाही बघा. कोंबडी फिरते तेव्हा कातड्याखालची चरबी वितळून खाली टपकायच्या ऐवजी अंगावरूनच ओघळत राहते, म्हणजे ती स्वतःच स्वतःला तूप लावत असते असं समजा, आणि सगळीकडून सारखा रंग येतो, खालची बाजू ट्रेमधल्या पाण्यात शिजून पांढरी पडत नाही. पण आपल्याकडे चिकनवाला काय करतो, पिसांसकट कातडंच ओढून काढतो आणि सोललेली कोंबडी हातात देतो. ती सळईवर एक तास फिरवली की छातीचा भाग असा होतो की पाणी पिऊन गिळावं लागतं. माझी पहिली तशीच झाली होती, सासरे म्हणाले छान झालंय फक्त जरा रस्सा असेल तर दे.

त्यामुळे मशीन घ्यायच्या आधी चिकनवाल्याकडे जा आणि विचारा स्किनसकट देतोस का, म्हणजे गरम पाण्यात बुडवून पिसं काढून. गर्दीच्या रविवारी तो नाही म्हणणार, शनिवारी संध्याकाळी सांगून ठेवायचं. जिवंत दीड किलोची घेतली की साफ करून किलोच्या आसपास भरते, आपल्या घरगुती सळईला तेवढीच बरी. तो देत नसेल तर मग दही आणि तेल भरपूर लावून, दर पंधरा मिनिटांनी ब्रशने तेल फिरवत बसावं लागेल. होतं तसंही, पण मग ते तंदुरी झालं, तुमच्या बसस्टॉपवालं नाही.

ओटीजी घेताना लिटर बघू नका. टेप घेऊन जा दुकानात. सळई जिथे बसते तिथून वरच्या कॉइलपर्यंत किती अंतर आहे ते मोजा, नऊ-दहा सेंटीमीटर तरी हवं. किलोची कोंबडी बांधल्यावर तिचा घेर असा असतो की मधोमध सळई धरली तर सगळीकडून सात सेंटीमीटर लागतात, आणि तंगडी जरा सुटली की ती दर फेरीला कॉइलला टक टक लागते आणि करपते. काही ओव्हन लिटरने मोठे असतात पण ते सगळे लिटर रुंदीत आणि खोलीत गेलेले असतात, उंची तेवढीच.

फ्यूज_उडाला

ठाणेकर ताईंनी कोंबडीचं सांगितलं, मी वायरचं सांगतो, माझा धंदाच तो आहे.

धागाकर्ते, ड्राय बाल्कनीतला तो प्लग पॉइंट छोटा आहे की मोठा ते आधी बघा. मोठा ओटीजी २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टने भागा, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास येतं. छोटा ६ अँपिअरचा पॉइंट १४०० वॅटच्या पुढे चालवायचाच नाही. लोक काय करतात, मोठी पिन छोट्यात बसत नाही म्हणून बाजारातून तो चौकोनी कन्व्हर्टर प्लग आणतात आणि ठोकून बसवतात. अहो पिन मोठी कंपनीने उगाच दिलीय का? मागच्या वर्षी माझ्या स्वतःच्या मेहुण्याकडे एक्स्टेन्शन बोर्ड वितळून फरशीला चिकटला होता, वर कोंबडी आपली छान फिरतेय. रोटिसरीचं वाईट हेच की तासभर सलग लोड असतो, टोस्टसारखं पाच मिनिटांत संपत नाही.

आणि वॉशिंग मशीन त्याच लाइनवर असेल तर दोन्ही एकदम लावू नका, गरम पाण्याचं मशीन असेल तर नक्कीच नाही. स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट ओढून घ्या, अर्थिंग चेक करून. ओव्हनच्या पैशात हा खर्च धरा.

मोटरची भीती बाळगू नका, ती चार-पाच वॅटची बारकी असते, बिचारी मिनिटाला तीन-चार फेरे मारते. म्हणूनच तिला एका बाजूला जड झालेलं चालत नाही.

जर्सीकर

शेवटची ओळ सोन्याची आहे. मी इकडे न्यू जर्सीत वेबर कंपनीच्या २२ इंची गोल केटलवर (म्हणजे झाकणवाल्या कोळशाच्या बार्बेक्यूवर) रोटिसरीची रिंग लावून करतो. ती रिंग म्हणजे केटलचं भांडं आणि झाकण यांच्यामध्ये बसणारी एक पत्र्याची कडी, तिला बाजूला मोटर. कोळसा दोन बाजूंना ढीग करून, मध्ये रिकाम्या जागेत अॅल्युमिनियमचा ट्रे, कोंबडी बरोबर ट्रेच्या वर, म्हणजे चरबी निखाऱ्यावर पडून भडका होत नाही. बायको म्हणते कॉस्टकोत (इकडचं मोठं दुकान) ४.९९ डॉलरला तयार मिळते ती आणा आणि गप बसा, आणि हिशोबाने तिचं बरोबरच आहे, माझा कोळसाच तेवढ्याचा जळतो.

पण बॅलन्सचं सांगतो कारण मी एक मोटर घालवली आहे त्यात. कोंबडी सळईवर ओवून तिला दोन्ही बाजूंनी पकडणारे काटे घट्ट केले की सळईची दोन टोकं दोन तळहातांवर नुसती ठेवायची, धरायची नाही. जड बाजू आपोआप खाली फिरते. मग काटे सैल करून कोंबडी थोडी सरकवायची, परत बघायचं. कशीही ठेवली तरी तशीच राहिली की झालं. नाहीतर काय होतं, वर जाताना मोटर कण्हते आणि माथ्यावरून खाली येताना धपकन पडते, दर फेरीला. आतल्या गिअरचे दात त्यात जातात.

अजून एक, कोणी इकडून सूटकेसमधून मोटर घेऊन यायचा विचार करत असेल तर नका. इकडची १२० व्होल्टची, तिकडे सरळ लावली की जळणार, आणि ट्रान्सफॉर्मर लावला तरी इकडे ६० हर्ट्झ तिकडे ५०, या बारक्या मोटरा त्यावरच चालतात, त्यामुळे फेरे पण कमी होतात. भावाला पाठवली होती, सध्या ती त्याच्या माळ्यावर शोभा वाढवते.

मिरजेचा_पाहुणा

तुम्ही सगळे विजेवर काय करताय राव. आम्ही मळ्यात करतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन स्टँड आणि १२ एमएमचा स्टीलचा रॉड, आणि भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर, १२ व्होल्ट, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालते. पहिल्यांदा डायरेक्ट लावली तर कोंबडी अशी गरगरली की मसाला समोरच्यांच्या शर्टावर. मग सायकलची दोन चाकं (दातेरी, चेनवाली) लावून आणि एक स्पीड कंट्रोलर टाकून कमी केली.

दोन गोष्टी जपा. रॉडला जीआय पाइप वापरू नका, त्याला जस्ताचा मुलामा असतो तो तापल्यावर अन्नात नको, साधं स्टेनलेसच घ्या. आणि कोळसा लाकडाचा, दगडी नव्हे. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र हे अजिबात करू नका, धुराचं सोडा, कोळशाचा जो न दिसणारा वायू असतो ना तो बंद जागेत माणूस मारतो. चिंचवडला गच्ची मिळत असेल आणि सोसायटीचे चेअरमन खाणारे असतील तर गोष्ट वेगळी.

चव मात्र आमचीच भारी. वीजवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

साधा_माणूस_७२

कढईत करा की. कशाला हे सगळं. आमच्या आईने आयुष्यात सळई बघितली नाही.

चिंचवडचा_खादाड

वा, इतके प्रतिसाद! साधा माणूस काका तुमचं खरंय पण लेकीला कढईत पाळणा दिसत नाही.

पॉइंट बघितला, छोटाच निघाला. इलेक्ट्रिशियन बोलावलाय. चिकनवाला स्किनसकट द्यायला तयार आहे पण माझ्याकडे असं बघितलं की याला काय झालं.

दुकानात टेप घेऊन गेलो तर सेल्समन हसायला लागला, हसू दे. एअरफ्रायर ओव्हनमध्ये सळईपासून वरच्या जाळीपर्यंत साडेआठच भरलं. ४० लिटरच्या एकात साडेनऊ, आणि ६० लिटरच्या एकात पण साडेनऊच! ठाणेकर ताई म्हणाल्या तेच, बाकीचे लिटर रुंदीत. मॉर्फी रिचर्ड्सच्या ओव्हनच्या नावात आरसीएसएस असं असतं त्यातला आर रोटिसरीचा हे पण आजच कळलं, मी इतके दिवस काहीतरी स्टीलचा ग्रेड समजत होतो.

आता दोन शंका. एअरफ्रायर ओव्हन पूर्णच बाद करू का? जागा कमी लागते म्हणून मोह होतोय. आणि मटण होईल का सळईवर?

ठाणेकरीण

एअरफ्रायरवाल्यात पाऊण किलोची कोंबडी होते, पंखा असल्यामुळे कातडं कुरकुरीत पण छान येतं. दोघंच असाल तर तेच घ्या म्हटलं असतं. चार माणसांत पाऊण किलो म्हणजे तंगडीवरून भांडणं. शिवाय पंख्यावर आणि वरच्या जाळीवर तेल उडतं ते साफ करताना देव आठवतो, ओटीजीत निदान हात आत जातो.

मटणाचं, बोकडाची मागची तंगडी मी दोनदा केली, दोन्ही वेळा दाताला व्यायाम. त्यात चरबी नसते आणि आपलं वीजवालं यंत्र भराभर भाजतं, मुरायला वेळ देत नाही. कच्ची पपई लावली तर वरचा थर पिठूळ आणि आतला तसाच. तुमच्याकडे बोल्हाईचं मटण मिळतं ना, मेंढीचं? त्याला चरबी असते, ते करून बघा, पण आधी पाच-सहा कोंबड्यांवर हात बसू दे.

घेताना अजून बघायचं म्हणजे सोबतचं सामान. सळईच्या काट्यांना जे हाताने पिळायचे स्क्रू असतात ते उघडून बघा, आटे गुळगुळीत असतील तर दुसरा पीस मागा. मांस तापलं की आकसतं आणि काटे ढिले पडतात, मग सळई फिरते आणि कोंबडी जागेवरच, वरची बाजू काळी. मी वीस मिनिटांनी एकदा बंद करून पकडीने पिळून घेते. गरम सळई उचलायचं ते दोन हुकांचं हँडल देतात ते हातात धरून बघा, काहींचं इतकं लेचंपेचं असतं की वजनाने वाकतं. आणि नॉबवर बघा मोटर कुठल्या सेटिंगला चालते, बऱ्याच ओव्हनमध्ये ठराविक एक-दोन खुणांवरच फिरते.

करायची पद्धत पण लिहून टाकते. आदल्या रात्री किलोला दोन छोटे चमचे मीठ, आतून बाहेरून, आणि काही न झाकता फ्रीजमध्ये, कातडं कोरडं पडलं पाहिजे. (सासूबाई असतील तर खालच्या कप्प्यात, मागे.) मसाला कोरडा लावा, आलं-लसणाची पेस्ट वरून लावली की करपून कडू होते, ती पोटात भरा. कांदा-लसूण मसाला लावायचा मोह होईल, तो पण पोटात. पंख अंगाशी, तंगड्या एकमेकींना, सुती दोऱ्याने घट्ट बांधायच्या. नायलॉन नाही हं, वितळतो. फुलवाल्याकडे हाराचा जाड सुती दोरा मिळतो तो मस्त. तळाच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी, नाहीतर टपकलेली चरबी जळून धूर होतो. किंवा पाण्याऐवजी अर्धवट उकडलेले बटाटे, यावर मी जास्त बोलत नाही, करूनच बघा. २०० वर तास-सव्वा तास. मांडीच्या जाड भागात हाडाला न लावता थर्मामीटर खुपसायचा, ७४ च्या वर गेला की शिजली, मी ८० पर्यंत जाऊ देते, मांडी तेव्हा जास्त चांगली लागते. तो सुईवाला थर्मामीटर घ्याच, सहाशे-सातशेला मिळतो, रस पांढरा आला का वगैरे बघण्यात अर्थ नाही.

जर्सीकर

आणि काढताना सळई आडवीच ठेवा! पोटात गरम रस साठलेला असतो, एक टोक खाली केलं की तो सळईवरून धार लागून पायावर. विचारू नका कसं माहीत.

चिंचवडचा_खादाड

धागा वर काढतोय, तीन आठवडे झाले.

४० लिटरचाच घेतला, साडेनऊ सेंटीमीटरवाला, साडेनऊ हजार. उरलेल्यात थर्मामीटर आला. गटारीला पहिली फिरवली. मीठ लावून रात्रभर ठेवली होती, सगळं ताई म्हणाल्या तसं. बॅलन्स करताना मी आणि बायको सळई तळहातांवर धरून स्वयंपाकघरात उभे, आणि लेक खाली बसून सांगतेय बाबा अजून पडतेय, अजून पडतेय. चौथ्यांदा जमलं.

पण बांधायचं काही केल्या जमेना. तंगड्या बांधल्या की पंख सुटायचे, पंख बांधले की तंगड्या. शेवटी आई, जी कोंबडीकडे बघणार नाही म्हणून हॉलमध्ये बसली होती, तिने तिथूनच गजऱ्याच्या दोऱ्याला गाठ कशी मारायची ते हवेत हात करून दाखवलं, दोन वेढे देऊन तिसरा मधून ओढायचा. त्या गाठीने एकदम घट्ट बसली.

मग लेक आणि आई दोघी ड्राय बाल्कनीच्या दारात खुर्च्या टाकून बसल्या. लेकीचा इंटरेस्ट पंधरा मिनिटांत संपला, ती गेली कार्टून बघायला. आई बसलेलीच. चाळीस मिनिटांनी हाक मारली, अरे डावीकडची गाठ सैल होतेय बघ. खरंच होत होती.

७८ ला काढली. रंग बसस्टॉपपेक्षा जरा फिका, पण कातडं असं की सुरी लावली तर पापडासारखा आवाज. बटाट्यांबद्दल ताई तुम्ही जे बोलला नाहीत ते समजलं. छातीचा भाग अजून थोडा कोरडा वाटला, पुढच्या वेळी ७५ लाच काढून बघतो. रस मात्र सांडलाच, पायावर नाही, वॉशिंग मशीनवर.

फ्यूज_उडाला

सगळं लिहिलंत पण १६ अँपिअरचा पॉइंट केला का ते नाही लिहिलं.

चिंचवडचा_खादाड

केला केला, गटारीच्या आदल्या दिवशीच, आधी तो आणि मग ओव्हन. वॉशिंग मशीन वेगळ्या लाइनवर टाकलंय. ओव्हन आता श्रावणभर झाकून ठेवायचाय, आईने जुन्या चादरीचं कव्हर शिवलंय त्याला.